साळोपंतांचा अर्धा काटा

एका जंगलात गाणं भोपळ्यात भरून ठेवायची पद्धत होती.

हसताय काय? तुम्ही गाणं ज्या चपट्या डबीत ठेवता ती मी पाहिली आहे. तिच्यापेक्षा भोपळा बरा. हातातून पडला तर घरात रडारड होत नाही.

कडू भोपळा उन्हात खडखडीत वाळवायचा. आतला गर कोरून काढायचा. मग भोपळ्याच्या तोंडाला तोंड लावून गाणं म्हणायचं आणि चटकन बूच मारायचं. झालं. पुढे कधीही बूच काढा, गाणं सुरू. ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून. भोपळा गोल असतो ना, आतलं गाणंही गोल फिरत राहतं. बूच लावाल तेव्हाच थांबतं.

अशी सात-आठ गाणी जमली की भोपळे वेलीत ओवायचे. त्याला म्हणायचं माळ. तुमच्यात त्याला अल्बम म्हणतात. म्हणा बापडे.

या जंगलात झाडून सगळे माळा काढायचे. कोकिळाची माळ दर चैत्रात. बेडकांची आषाढात. कोल्ह्यांची थंडीत, आणि तीही सगळ्यांनी एकदम गायलेली. माकडांनी तर एका माळेत गाण्याऐवजी नुसत्या उड्या भरल्या होत्या. बूच काढलं की धप्प, धप्प असं ऐकू यायचं. तिला प्रायोगिक म्हणत.

आता मला सांगा, इतक्या माळा ऐकायच्या कुणी? चरायचं कधी? पिल्लांना न्हाऊ कधी घालायचं? म्हणून जंगलाने एक शहाणपणाची युक्ती काढली. सगळ्यांच्या वतीने एकाने ऐकायचं आणि बाकीच्यांनी मत बनवायचं.

तो एक म्हणजे साळोपंत. जातीने साळिंदर.

साळिंदरच का? तर त्याच्या पाठीवर काटे असतात म्हणून. उंबराच्या झाडाखाली एक मोठा कातळ होता. पंत कातळावर बसून माळ ऐकत आणि मग आपल्या पाठीवरचे काटे उपटून माळेपुढच्या मातीत रोवत. पाच काटे म्हणजे सर्वोत्तम. एक काटा म्हणजे तोंड लपवून फिरा.

काटे रोवले की फांदीवरचा डोमकावळा उडायचा आणि जंगलभर ओरडायचा, "कोकिळ अडीच! कोकिळ अडीच!" मग ज्याने माळ ऐकलीच नव्हती तोही ओढ्यावर पाणी पिता पिता म्हणायचा, "हं, यंदा कोकिळ जरा अडीचच वाटला."

आता स्वतःच्या पाठीवरचं उपटून द्यायचं म्हटलं की कुणाचाही हात आखडतो. पंतांचाही आखडायचा. बहुतेक सगळ्यांना अडीच. जिवंतपणी तीनच्या वर कुणी गेलंच नव्हतं. एका म्हाताऱ्या बुलबुलाला चार मिळाले होते, पण ते तो वारल्यावर.

आणि बोलणं काय पंतांचं! पहिली माळ असेल तर म्हणत, "परिपक्वता नाही." दुसरी असेल तर म्हणत, "पहिलीतला ताजेपणा नाही." एकदा एका चंडोलाच्या पहिल्याच माळेला चुकून म्हणाले, "पहिलीतला ताजेपणा नाही." कुणाच्या लक्षातही आलं नाही. चंडोल बिचारा अजून आपली पहिली माळ शोधतोय.

पण पंतांचा खरा मान वेगळ्याच गोष्टीचा होता. ऐकताना त्यांच्या पाठीवरचा एक काटा कधी उभा राहिलेला कुणी पाहिला नव्हता.

तुमच्या-माझ्या अंगावर काटा येतो तो शेजाऱ्यालाही दिसत नाही. साळिंदराचा कोसावरून दिसतो. पंत मात्र बसायचे ते कसे? चापूनचोपून, गुळगुळीत. जंगल म्हणायचं, "बघा, याला म्हणतात जाणकार. काही म्हणून आवडत नाही." त्या जंगलात असा समजच होता की ज्याला गाणं आवडतं त्याला गाण्यातलं काय कळणार?

म्हणून तर जंगलाने पंतांचा सत्कार करून त्यांना शाल आणि नारळ दिला. नारळ माकडांनी परत नेला. शाल राहिली.

आता एक गुपित सांगतो. इकडे सरका. ए मागचे, तुम्ही पण या, नाहीतर मग नंतर विचारत बसाल.

पंतांना गाणं फार आवडायचं.

इतकं आवडायचं की चांगला सूर लागला की पाठीवरचे काटे आपोआप ताठ व्हायचे. ती शाल काय थंडीसाठी होती होय? भर वैशाखात पंत शाल घट्ट गुंडाळून, घामाघूम होऊन कातळावर बसायचे. एकदा जरी काटे उभे दिसले असते तर कातळ गेला असता, शाल गेली असती, मान गेला असता. आणि डोमकावळा काय ओरडला असता? "पंतांना आवडलं! पंतांना आवडलं!" नुसत्या विचाराने पंत शाल आणखी आवळून घ्यायचे.

असे दिवस चालले होते. आणि एके सकाळी टिटवी आपली पहिली माळ घेऊन आली.

टिटवी माहीत आहे ना? नदीकाठच्या उघड्या गोट्यांत अंडी घालते ती. तिच्याबद्दल जंगलाचं मत वाईट होतं. ती ओरडली की थोड्या वेळात बिबट्या यायचा. म्हणून जंगलाने हिशेब मांडला, ती ओरडते म्हणून बिबट्या येतो. तिचा आवाज कानी पडला की सगळे तिला शिव्या देत पळायचे. शिव्या देत का होईना, पळायचे, आणि त्यामुळे वाचायचे. हे मात्र त्या हिशेबात कुणी धरलं नव्हतं.

टिटवीने माळ कातळापुढे ठेवली.

"पंत," ती म्हणाली, "काटे किती द्यायचे ते द्या. माझं मागणं एवढंच आहे, शेवटपर्यंत ऐका. माझं आजवर कुणी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. पहिल्या सुरालाच पळत सुटतात."

"बघू," पंत म्हणाले. समीक्षकाने सुरुवातीला याहून जास्त बोलू नये.

पहिला भोपळा उघडला तशी हरणं ताडकन उठून उभी राहिली. सवयच तशी. "बसा गं, माळ आहे ही," म्हणत गव्याने त्यांना खाली बसवलं. दुसरा भोपळा झाला, तिसरा झाला. माकडं एकमेकांच्या उवा बघू लागली.

मग उघडला चौथा. त्यात भिजल्या पोटाचं गाणं होतं.

दुपारी नदीकाठचे गोटे तापतात. अंडी शिजायची वेळ येते. मग टिटवी नदीत जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसते. पिसं सुकली की पुन्हा नदी. पुन्हा अंडी. ऊन उतरेपर्यंत हेच. गाण्यात एवढंच होतं. सूर चिरका होता, आणि तो जायचा आणि यायचा, जायचा आणि यायचा.

पंतांना आई आठवली. साळिंदराची आई पिल्लाला जवळ घेते तेव्हा अंगावरचे सगळे काटे आडवे पाडून घेते. एकही टोचू देत नाही. किती वर्षांत त्यांना ती आठवली नव्हती! आणि पाठीवरचे काटे, एकजात सगळे, सर्रकन उभे राहिले.

शाल तंबूसारखी वर गेली.

"पंत," समोर बसलेला ससा म्हणाला, "तुमची शाल हलली."

"वारा आहे."

"वारा कुठाय? पानसुद्धा हलत नाहीये."

"माझ्या बाजूला आहे," पंत खेकसले.

त्यांचा जीव घाबराघुबरा झाला. शालीतून एक टोक बाहेर आलं होतं, ते त्यांनी हाताने दाबून धरलं. आणखी एक कडवं झालं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. पंतांनी झडप घालून भोपळ्याला बूच मारलं.

"पुरे!" ते ओरडले. आवाज नको तेवढा चढला. "हे गाणं नव्हे, ही हाकाटी आहे. आवाज आहे, अर्थ नाही. कान न दिलेलाच बरा."

शालीत हात घालून त्यांनी एक काटा उपटला, मधोमध मोडला आणि अर्धा मातीत रोवला.

अर्धा! जंगलात अर्धा काटा आजवर कुणाला मिळाला नव्हता. माकडांच्या उड्यांनासुद्धा दीड होता.

"शेवटपर्यंत नाही ऐकलंत," टिटवी म्हणाली. एवढंच म्हणाली आणि नदीकडे गेली.

पंतांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांना फार वाईट वाटलं. पण कातळ उंच होता आणि शाल ऊबदार होती.

"टिटवी अर्धा! टिटवी अर्धा!" डोमकावळा ओरडत गेला.

परीक्षणाला आलेली माळ परीक्षकाने घरी न्यायची, असा तिथला रिवाज. पंतांची बायको ठकूबाई मोठी कामसू. ती भोपळा पालथा करून दोनदा ठोकायची. आतलं उरलंसुरलं गाणं पडून जायचं. मग त्यात ती घरातला जिन्नस भरून ठेवायची. कोकिळाच्या भोपळ्यांत तीळ होते, बेडकांच्या भोपळ्यांत मीठ.

"अहो," ठकूबाई म्हणाली, "ह्या माळेत एक भोपळा कमी आहे."

"फुटला."

"मग खापऱ्या कुठायत?"

"वाऱ्याने गेल्या."

"तुमच्या बाजूला हल्ली फार वारा असतो म्हणे. ससा सांगत होता," ठकूबाई म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

भोपळा फुटला नव्हता. बिळाबाहेर करवंदीची जाळी होती, तिच्यात पंतांनी तो लपवला होता.

दुपारी जंगलाचा डोळा लागला की पंत हळूच बाहेर येत. शाल काढून जाळीवर टाकत. बूच काढत आणि ऐकत. काटे उभे राहायचे तेवढे राहू देत. डोळे वाहायचे तेवढे वाहू देत. मग बूच लावून, काटे पाडून, शाल गुंडाळून घरात. हा रोजचा नेम झाला. कातळावर जे अर्ध्यात तोडलं, ते जाळीआड त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि शेवट झाला की पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.

पण चोरी ती चोरीच. ती पचायला वाघाचं पोट लागतं. पंत पडले कंदमुळं खाणारे.

एके दुपारी पंत असे ऐन रंगात आलेले असताना पाचोळा वाजला. कुणीतरी येत होतं! पंत दचकले. बूच लावायला वेळ नव्हता. ते उलटपावली बिळात शिरायला गेले. बीळ अरुंद. काटे आडवे असते तर आत गेले असते, पण काटे होते ताठ उभे. अर्धे पंत आत गेले आणि काट्यांची टोकं दाराच्या मातीत खचकन रुतली. मागे जाता येईना, पुढे येता येईना. तोंड आणि पुढचे पाय बाहेर, बाकीचे पंत घरात. भोपळा हातभर लांब वाजतोय.

आला होता ससा.

"पंत, ही टिटवीची माळ ना? ती अर्ध्या काट्याची?"

"हो," पंत म्हणाले. "वाईट आहे याची पुन्हा एकदा खात्री करून घेतोय."

"किती सोसता हो आमच्यासाठी!" ससा भारावून म्हणाला आणि उंबराकडे निघून गेला.

आतून ठकूबाईचा आवाज आला. "अहो, दारात काय बसलात? मला पाण्याला जायचंय."

"अडकलोय."

"मग काटे खाली घ्या."

"घेता येत नाहीत. गाणं चालू आहे."

ठकूबाई मग म्हणाली, "असं! म्हणजे हा तुमचा वारा."

"अगं, बोलतेस काय? मागून ढकल!"

"कुठे हात लावू? चाळण होईल माझ्या हातांची."

आणि मुलांनो, बिबट्या आला तो नेमका तेव्हाच. संकटाला वेळ कळत नाही असं म्हणतात, पण ते खोटं आहे. त्याला बरोबर कळते.

साळिंदराचं असं असतं की मागून ते किल्ला आणि पुढून नुसता लोण्याचा गोळा. म्हणून एरवी बिबट्या दिसला की साळिंदर पाठ फिरवतं. इथे पाठ घरात होती.

बिबट्या आरामात समोर येऊन बसला. शेपटी पायांभोवती गुंडाळली.

"नमस्कार, पंत."

"न... नमस्कार."

"ओळखलंत?"

"चेहरा पाहिल्यासारखा वाटतो."

"माझी एक माळ आली होती. तुम्ही एक काटा दिला होतात." बिबट्याने डोळे मिटले आणि पाठ म्हणून दाखवलं. "'सुरुवात बरी. पुढे तीच ती खरखर. या कलावंताने शिकारीकडे लक्ष द्यावं.'"

पंतांना काही आठवेना. त्यांनी असं कितीतरी जणांना म्हटलं होतं.

"तर मी लक्ष दिलं," बिबट्या म्हणाला आणि त्याने जिभल्या चाटल्या.

भीतीने पंतांचे काटे आणखी ताठ झाले आणि आणखी खोल रुतले.

नदीवरून टिटवीने हे सगळं पाहिलं. अर्धा काटा ती विसरली नव्हती. विसरेल कशी? पण बिबट्या दिसला की ओरडायचं, हे तिच्या रक्तातलं. समोर कोण आहे आणि त्याने आपल्याला किती काटे दिले, हे बघायला ती थांबली नाही. झेपावली आणि पंतांच्या डोक्यावर घिरट्या घालत जीव तोडून ओरडू लागली.

उंबर हाकेच्या अंतरावर होता. सगळं जंगल तिथे सावलीला पडलं होतं. पंतांना त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

हरणं उठली. "टिटवी ओरडतेय! पळा!"

"बसा गं," गवा म्हणाला. "कुणीतरी तिची माळ लावली असेल."

"आवाज आहे, अर्थ नाही," सांबर म्हणालं.

"कान न दिलेलाच बरा," म्हणत माकडाने कूस बदलली.

आपलं परीक्षण इतकं अक्षरशः कुणी पाठ केलं असेल, असं पंतांना कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्या एखाद्या दिवशी त्यांना आनंद झाला असता.

"वाचवा!" पंत ओरडले. "अरे, वाचवा रे!"

डोमकावळ्याने मान तिरकी करून ऐकलं. "पंत म्हणतायत, 'वाचवा'."

"इतकी वाईट आहे ती माळ?" गवा म्हणाला.

"मी आत्ताच बघून आलो," ससा म्हणाला. "दारात बसून पुन्हा ऐकतायत बिचारे. देवमाणूस हो!"

बिबट्या उठला. त्याने लांबलचक आळस दिला. एक पाऊल पुढे टाकलं.

तेव्हा पंतांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या जंगलाला एकच भाषा समजत होती, आणि ती त्यांनीच शिकवली होती. ती बोलायची म्हणजे कातळ गेला, शाल गेली. न बोलावी तर पंतच गेले. आणि गंमत म्हणजे, जे बोलायचं होतं ते खरंच होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना खरं बोलायचं होतं आणि घाईही होती.

पंतांनी डोळे गच्च मिटले.

"पाच काटे!"

उंबराखाली सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या.

"पाच! टिटवीला पाच काटे! ऐका रे गाढवांनो, कान देऊन ऐका! असं गाणं या जंगलात आजवर झालं नाही! ते भिजलं पोट ऐका! ती नदी ऐका! धावा, धावा, नाहीतर आयुष्यभर पस्तावाल!"

बिबट्याचा पंजा उचललेला तसाच राहिला.

"पाच?" तो म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला. "तिला पाच? आणि मला एक?"

पुढे त्याला बोलायला मिळालं नाही. "टिटवी पाच! टिटवी पाच!" ओरडून ओरडून डोमकावळ्याचा घसा बसला. आणि उंबराखालून सगळं जंगल उधळलं. गवे आले, सांबरं आली, रानडुकरं पिल्लाबाळांसकट आली, माकडं फांद्यांवरून आली. पुढच्या जागेसाठी ही लोटालोट! "सरका की!" "मी आधी आलो!" "ओ, तुमची शिंगं आवरा!" बिबट्या दोन गव्यांच्या मधे सापडून चिमटला.

"ओ ठिपकेवाले, खाली बसा ना," एक गवा त्याच्यावर डाफरला. "मागच्यांना दिसत नाही." आणि तो बिबट्यावरच बसायला लागला.

बिबट्या कसाबसा पोटाखालून निसटला आणि शेपूट घालून जाळीआड गेला. जाता जाता पुटपुटला, "निदान दोन तरी द्यायचे होते."

टिटवी खाली उतरली. भोपळा अजून वाजतच होता. तिने चोचीने बूच उचललं आणि लावलं.

गाणं थांबलं. पंतांनी मोठा श्वास सोडला. काटे एकेक करून सैल झाले, आणि पंत धडपडत बाहेर आले. निम्मे काटे मात्र दाराच्या मातीतच राहिले.

"पंत," सशाने विचारलं, "परवा अर्धा आणि आज पाच? हे कसं काय?"

सगळं जंगल कान टवकारून बसलं. पंतांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. घसा खाकरला. इतक्या वर्षांची सवय हो, सुटते थोडीच?

"काही कलाकृती," ते म्हणाले, "दुसऱ्या श्रवणात उलगडतात."

"वा!" जंगल म्हणालं. कातळ वाचला.

एवढ्यात ठकूबाई बिळातून बाहेर आली. तिच्या कवेत काट्यांची ही एवढी मोळी होती.

"उलगडतात म्हणे!" ती कडाडली. "हे बघा काय उलगडलंय ते. भिंतीतून उपटून आणलेत. रोज दुपारी जाळीआड बसून डोळे गाळतात आणि लोकांपुढे आले की यांच्या बाजूला वारा सुटतो!"

तिने ती सगळी मोळी टिटवीपुढे टाकली. "तुझे आहेत गं बाई हे. मोजत बसू नकोस."

पंत अर्ध्या बोडक्या पाठीने तसेच उभे होते. शाल जाळीवर लोंबत होती. हात लांब केला असता तर मिळाली असती. पंतांनी हात लांब केला नाही.

"आवडलं मला," ते म्हणाले. "फार आवडलं. कातळावर ऐकलं तेव्हाच आवडलं होतं. मी खोटं बोललो."

"शेवटपर्यंत ऐकलंत?" टिटवीने विचारलं.

"रोज."

टिटवीला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की तिला ओरडताच येईना. ती नुसती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली.

डोमकावळा मात्र अडचणीत आला. "ते सगळं ठीक आहे हो," तो बसक्या आवाजात म्हणाला. "पण 'आवडलं' म्हणजे काटे किती?"

आता तुम्हाला वाटत असेल की जंगल त्या दिवसापासून शहाणं झालं. गोष्टीत तसं व्हायची पद्धत आहे खरी. पण हे जंगल होतं.

पंतांना कुणी काढलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून त्यांच्या दारात रांग लागली. ज्या माळेला पंत दारात अडकतात ती खरी माळ, असं ठरलं होतं.

"पंत, कातळ राहू द्या. दारात बसा," कोकिळ म्हणायचा. मग बूच काढायचा आणि वाकून वाकून बघायचा. "अडकलात?"

"नाही."

"जरा मागे सरकून बघा ना."

बेडूक तर चौघेजण मिळून पंतांचे खांदे आत दाबायचे. ठकूबाईला पाण्याला जायची चोरी झाली. आठवडाभर तिने सोसलं. मग तिने घुशीला बोलावलं आणि दार ऐसपैस रुंद करून घेतलं. घुशीचं काम पक्कं. तेव्हापासून पंत कशातच अडकले नाहीत. काटे पुन्हा उगवले. पुन्हा सगळ्यांना अडीच. फक्त एकदा जाळीपाशी कुणीतरी एक माळ गुपचूप ठेवून गेलं होतं. आत नुसती खरखर होती. तिला पंतांनी न मागता दोन दिले.

चौथा भोपळा मात्र ठकूबाईने खुंटीला टांगून ठेवला. त्यात तिने तीळ भरले नाहीत. दुपारी दोघं मिळून ऐकतात.

आणि टिटवी? तिचं तर नशीबच फिरलं. पाच काट्यांची गाणारी ती! ती नदीवर ओरडली की आता कुणी शिव्या देत नाही. कुणी पळतही नाही. सगळे डोळे मिटून, माना डोलावत जागच्या जागी बसून ऐकतात. ती वरून किंचाळते, "अरे, बिबट्या आला!" खालून जंगल म्हणतं, "वा! पुन्हा एकदा!" बिबट्याने अलीकडे चांगलंच अंग धरलं आहे.

शेवटी टिटवी घाबरून पंतांकडे आली. "पंत, यांना पळायला सांगा हो!"

पंतांनी पुष्कळ विचार केला. "एक उपाय आहे," ते म्हणाले. "मी कातळावर जाऊन तुला पुन्हा अर्धा काटा देतो. या वेळी 'कान न दिलेलाच बरा' नाही, 'ऐकताच पळत सुटावं' असं म्हणतो. लगेच पळायला लागतील."

टिटवीने नदीकडे बघितलं. पिसं साफ केली.

"अर्धा नको," ती म्हणाली. "शेवटपर्यंत ऐकतात हो."

तात्पर्य : मुलांनो, मोठेपणी कुणाला काटे द्यायची वेळ आली तर अडीचच द्यावेत. अर्ध्या काट्यात समीक्षक मरता मरता वाचतो, आणि पाच काट्यांत श्रोता ऐकता ऐकता जातो.